लोकरीची जमीन

काकूंकडे मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. दार हातभर उघडून त्या माझ्या पायांकडे बघत उभ्या राहिल्या. मग काहीतरी बोलल्या, पण इतक्या हळू की मला दोनदा विचारावं लागलं. त्या सांगत होत्या की चपला जिन्यातच काढ, हातात घे आणि मग फळीवर ठेव. टाकू नकोस.

मी कुडाळहून आले होते. फोर्टातल्या एका ऑफिसात अकाउंट्सला लागले होते आणि गिरगावात राहायला जागा मिळतेय यावर माझा विश्वास बसत नव्हता. आईच्या मैत्रिणीने पत्ता दिला होता. बाई एकट्या आहेत, टेलिफोन खात्यातून रिटायर झाल्यात, सज्जन आहेत, थोड्या घाबरट आहेत, एवढंच तिने सांगितलं होतं. 'थोड्या' हा शब्द तिने कशाच्या जोरावर वापरला कोण जाणे.

मी आत पाऊल टाकलं आणि ते घोट्यापर्यंत बुडालं. बाहेरची खोली, आतली खोली, भिंतीपासून भिंतीपर्यंत सगळी जमीन लोकरीच्या गोंड्यांनी भरलेली होती. लिंबाएवढे, मोसंब्याएवढे गुबगुबीत गोंडे, एकाला एक चिकटून. तांबडे, पिवळे, राखाडी, बाळाच्या टोपड्याचा गुलाबी, शाळेच्या स्वेटरचा निळा. एवढा मोठा, एवढा मऊ गालिचा मी कधी बघितला नव्हता. हौस असेल असं वाटून मी म्हणाले, किती सुंदर आहे हो हे. काकूंना ते कळलंच नाही. खिडकीच्या गजांचं कुणी कौतुक केलं तर जसं वाटेल तसा त्यांचा चेहरा झाला.

"खाली माणूस राहतो," त्या म्हणाल्या.

आमची इमारत तीन मजल्यांची, जमिनी तक्तपोशीच्या, म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या ठोकलेल्या. वर कुणी कूस बदलली तर खाली कळावं अशा. आम्ही सगळ्यात वर. आमच्या बरोबर खाली एक म्हातारे गृहस्थ एकटेच राहत. माझगावच्या गोदीत फोरमन होते, बायको वारली होती, मुलगी वसईला दिलेली. काकू त्यांचं नाव कधीच घेत नसत. त्या नुसतं 'खालचे' म्हणत. पंचमीला नाव न घेता नागाला 'लांब' म्हणावं तशातलंच ते.

त्या घरात काय काय नव्हतं ते सांगितलं तर काकू कळतील. कुकर नव्हता, शिटी होते म्हणून. डाळ पातेल्यात शिजायची, तासन् तास. मिक्सर होता पण कपाटावर, फडक्यात गुंडाळलेला. खुर्च्यांच्या आणि खाटेच्या पायांना लोकरीचे मोजे होते. स्टीलची भांडी एकमेकांत ठेवताना मध्ये कापडाच्या चकत्या. टीव्ही लागायचा, पण मुका. बातम्या सांगणाऱ्या बाईचे ओठ बघून काकू अंदाज करायच्या आणि तो अंदाज नेहमी भयंकर असायचा. कुठेतरी पूर आलाय गं, त्या म्हणायच्या. पुढे जाऊन बघावं तर कुणाचा तरी शपथविधी चाललेला.

पेइंग गेस्ट त्यांनी पैशासाठी ठेवली नव्हती. एकटीने राहायची त्यांना भीती वाटे म्हणून ठेवली होती. पण घरात दुसरं माणूस आलं की आवाज दुप्पट होतो, याचीही त्यांना तेवढीच भीती वाटे. या दोन भीतींच्या मध्ये माझी खाट होती.

"पाऊल टाकायचं नाही," त्या मला शिकवायच्या, "ठेवायचं. आधी बोटं, मग चवडा, मग टाच. टाच आली नाही तरी चालेल."

पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून डब्याचं झाकण निसटलं. ते गोंड्यांवर पडलं असतं तर काही झालं नसतं, पण ते ओट्याच्या कडेला लागून मोरीच्या फरशीवर गेलं आणि गरगरत राहिलं. मी धावत जाऊन त्यावर पाय दिला. तोवर खालून आवाज आला. धाड, धाड, धाड. कुणीतरी काठीने छत ठोकत होतं. पायाखालच्या फळ्या थरथरल्या ते मला गोंड्यांमधूनसुद्धा जाणवलं.

मी काकूंकडे बघितलं. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, तोंडावर हात दाबलेला, डोळे जमिनीवर. ठोके थांबल्यावरही त्या बराच वेळ तशाच होत्या. मग त्यांनी खुणेने मला खाली बसवलं, स्वतः बसल्या, आणि लोकरीची टोपली मधे ओढली. त्या दिवशी मी पहिला गोंडा केला.

आवाज झाला की गोंडे करायचे, असा तो नियमच होता. शिक्षा म्हणून नाही. काकूंचं म्हणणं असं की आवाज खाली गेला याचा अर्थ जमीन कुठेतरी पातळ झालीय. ती भरून काढली पाहिजे.

गोंडा करायचा म्हणजे पुठ्ठ्याच्या दोन गोल चकत्या घ्यायच्या, दोन्हींना मधे भोक. त्या एकमेकींवर ठेवून भोकातून लोकर गुंडाळत जायची, भोक बुजेपर्यंत. मग कडेने कात्री घालून चकत्यांच्या मधून ती कापायची, मधोमध दोऱ्याने आवळून गाठ मारायची आणि चकत्या काढून घ्यायच्या. हातात एक केसाळ, विस्कटलेला गोळा येतो. तो कात्रीने चारी बाजूंनी छाटला की गोंडा. काकूंचा हात असा चाले की कात्रीचासुद्धा आवाज होत नसे. मी करायला घेतलं की त्या म्हणायच्या, आणखी गुंडाळ, आणखी. पोकळ गोंडा काही कामाचा नाही.

प्रत्येक गोंड्याची परीक्षा व्हायची. काकू तो उघड्या फळीवर ठेवायच्या आणि वरून चमचा सोडायच्या. चमचा पडताना त्यांचे डोळे मिटलेले असत. काही ऐकू आलं तर गोंडा नापास. तो उसवायचा, पुन्हा गुंडाळायचा. पास झालेले गोंडे प्लॅस्टिकच्या जाळीवर शेजारी शेजारी बांधायचे, जाळीखाली गोणपाट शिवायचं. असे चौकोनी तुकडे करून ते एकमेकांना टाचलेले होते, म्हणजे झाडायला उचलता यावेत. पावसाळ्यात सगळ्या घराला ओल्या मेंढीचा वास यायचा.

लोकर विकत आणलेली थोडी. बाकी सगळी लोकांच्या जुन्या स्वेटरांची. मुंबईत स्वेटर कुणाला लागतो? महाबळेश्वरला जाताना घेतलेले, अमेरिकेतल्या भाच्याने पाठवलेले, असे कपाटांच्या तळाशी पडलेले स्वेटर लोक काकूंना आणून देत. त्या ते उसवत बसायच्या. पहिल्या मजल्यावरच्या एका मुलीने एकदा गालिच्याचे फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकू का विचारलं. काकूंचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, नको बाळ, खालचे बघतील.

खालच्यांना मी पहिल्यांदा बघितलं ते जिन्यात. ऑफिसला निघाले होते. त्यांचं दार अर्धं उघडं होतं आणि ते उंबऱ्यात उभे होते. उंच, रुंद खांद्याचा माणूस, वय झालं तरी न वाकलेला, अंगात पांढरा सदरा. उजव्या हाताशी दाराला टेकवलेली कपडे वाळत घालायची लांब काठी. मी अंग चोरून पुढे गेले. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. माझ्या पायात रबरी तळाच्या चपला होत्या, काकूंनी तपासून दिलेल्या, तरी मला वाटलं मी काहीतरी लपवून नेतेय आणि ते सापडलंय. खालच्या वळणावर पोचेपर्यंत मी चवड्यांवरच उतरले.

हळूहळू मला तो आजार जडला. मोबाइल टेबलावर थरथरला तरी मी धावत जाऊन त्यावर उशी दाबायचे. काकूंनी त्याला लोकरीची पिशवी करून दिली. सकाळी उठवायला गजर नाही, काकू पायाचा अंगठा ओढायच्या. एकदा मला खोकला झाला तर त्या उशी घेऊन शेजारी बसून राहिल्या. मला तोंड दाबून खोकावं लागे आणि खोकताना माझ्या डोळ्यांसमोर ती काठी दिसे. दिवाळीत घरी गेले तेव्हा आई म्हणाली, चोरासारखी काय चालतेस घरात? मी मागून येऊन उभी राहिले की ती दचकायची.

एका रविवारी दुपारी माझा डोळा लागला होता. जाग आली तर काकू खोलीच्या मधोमध बसलेल्या, गालिच्याचा एक तुकडा वर दुमडलेला, कान फळीला लावलेला. हातात मोठी कात्री. त्या हलत नव्हत्या. मी हाक मारली नाही, मारवेना. बऱ्याच वेळाने त्या उठल्या आणि तुकडा नीट परत ठेवला.

"झोपलेत," त्या म्हणाल्या. "आता भांडी घासून घेते."

कान हे काकूंचं आयुष्य होतं. तरुणपणी त्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, ट्रंक कॉल जोडून द्यायच्या. त्या काळी लांबचा फोन लोक उगाच करत नसत. कुणी गेलं, कुणी अत्यवस्थ आहे, ताबडतोब निघा. या गोष्टी त्यांच्या कानावरून जायच्या आणि त्यांना मधे एक शब्द बोलायची मुभा नसे. पलीकडचं माणूस 'हॅलो, हॅलो' म्हणत असतानाच काकूंना माहीत असे की आता त्याला काय कळणार आहे. घंटा वाजली की काहीतरी वाईट होतं, हे त्या तिथे शिकल्या. आवाज म्हणजे वाईट बातमी. त्यांनी लग्न केलं नाही. करायचं नव्हतं असं नाही, पण बघायला येणारे लोक दार वाजवायचे, आणि ते वाजलं की त्यांना घाम फुटायचा, असं त्या स्वतःच सांगत.

वर्षातला एक दिवस मात्र त्या वेगळ्या असत. अनंत चतुर्दशी. त्या दिवशी सकाळपासून गिरगावातले रस्ते ढोलांनी भरून जातात, खिडक्यांच्या काचा थडथडतात, शेजारचं बोललेलं ऐकू येत नाही. काकू त्या दिवसाची वर्षभर वाट बघायच्या. मिक्सर खाली उतरायचा. वर्षाचा मसाला त्या दिवशी दळला जायचा. कपाट सरकवून मागची जळमटं काढायची, भिंतीला खिळे ठोकायचे, माळ्यावरचे डबे धडाधड खाली घ्यायचे. मी तिथे राहिले त्या पहिल्या चतुर्दशीला त्यांनी पदर खोचला आणि खलबत्त्यात वेलची कुटायला घेतली. ढोलाच्या तालात कुटत होत्या. मधेच हसल्या. त्यांचं हसणं मी तोवर नुसतं बघितलं होतं. ऐकलं तेव्हा कळलं की त्यांचा आवाज जाड आहे, जवळजवळ पुरुषी.

दुपारी मोठी मिरवणूक खालून चालली होती तेव्हा आम्ही चहा घेत बसलो होतो. त्या दिवशी कप बशीवर कसाही ठेवला तरी चालत होता. काकू माझ्या जवळ सरकल्या आणि कानाशी तोंड आणून, पण मोठ्याने, बोलायला लागल्या. इतर कुठल्याच दिवशी त्यांना ते बोलता आलं नसतं.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट, खालच्यांची बायको पुष्कळ दिवस अंथरुणाला खिळलेली होती. शेवटी शेवटी तिला झोपच येत नसे. कण्हणं वर ऐकू यायचं. एका दुपारी ते कण्हणं थांबलं आणि काकूंना वाटलं, बरं झालं, डोळा लागला असेल. त्या माळ्यावरून रव्याचा डबा काढायला स्टुलावर चढल्या. पितळेचा मोठा डबा होता. तो हातून सुटला. तेव्हा जमीन उघडी होती. थोड्या वेळाने दारावर थाप पडली. खालचे उभे होते.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

काकूंनी खिडकीकडे बघितलं. बाहेर झांजा वाजत होत्या. "म्हणाले, आत्ता डोळा लागला होता. आता परत लागायचा नाही. वर कोणी राहतं हे यापुढे मला कळता कामा नये."

त्यानंतर दोन-तीन दिवसांतच ती बाई गेली. ती जायचीच होती, मी म्हणाले. काकूंनी मान हलवली. जायची होती ते खरं, पण जाण्याआधीची तिची झोप मी घेतली, असं त्या म्हणाल्या. त्या आठवड्यात त्यांनी आपला एकुलता स्वेटर उसवला आणि पहिला गोंडा केला.

हे सगळं ऐकल्यावर मला त्यांची भीती हास्यास्पद वाटेनाशी झाली. पण माझी स्वतःची भीती वाढली. आतापर्यंत मी एका तिरसट म्हाताऱ्याला भीत होते. आता जिन्यात ते दिसले की वाटायचं, यांच्याकडे कारण आहे.

पुढच्या हिवाळ्यातला तो रविवार. सकाळची वेळ, चहा झालेला. काकू निवडलेल्या तांदळाची परात उचलत होत्या आणि त्यांच्या मनगटातून कळ आली. परात पितळेची. ती गोंड्यांवर पडून थांबायची, पण दाराच्या उंबऱ्यावर आपटली आणि तिचा जो आवाज झाला तो रस्त्यापर्यंत गेला असेल. तांदूळ गोंड्यांत विखुरले. आम्ही दोघी जिथल्या तिथे थांबलो.

काठीची वाट बघत होतो. ती आली नाही.

मला हायसं वाटलं. बाहेर गेले असतील, मी म्हणाले. काकू म्हणाल्या की रविवारी ते भाजीला उशिरा जातात, सकाळी दार उघडलेलं ऐकलं नाही. झोपले असतील, मी म्हणाले. त्यांचा चेहरा मी बघत होते. मी तिथे आल्यापासून त्यांना पुष्कळदा घाबरलेलं बघितलं होतं, पण हे निराळं होतं. त्यांनी वाकून परात उचलली, दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेली आणि उंबऱ्यावर टाकली. मुद्दाम. मी किंचाळलेच.

खालून काहीही नाही.

काकू गुडघ्यांवर बसल्या आणि गालिच्याचा तुकडा ओढायला लागल्या. टाके आवळलेले होते, त्यांनी ते कात्रीने कापले. गोणपाट दूर करून फळीला कान लावला. मग मला हाताने खाली खेचलं. मी कान लावला. आधी नळ ऐकू आला, खालच्या मोरीत धो धो पाणी वाहत होतं. मग त्याच्या आतून दुसरं काहीतरी. घासल्यासारखं. माणसाचा घसा होता तो.

"वर कोण आसा काय?" कुणीतरी म्हणत होतं. थांबत होतं आणि पुन्हा म्हणत होतं. "कोण आसा काय?"

काकू जिना कशा उतरल्या ते मला आठवत नाही. मी मागून पोचले तेव्हा त्या त्या दारावर दोन्ही मुठी आपटत होत्या. पायात चपला नव्हत्या, मोजे नव्हते. तळमजल्यावरचा सुतार वर आला आणि त्याने पटाशीने कडी उचकटली.

ते आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर आडवे पडले होते, एक पाय विचित्र वळलेला. मोरीतून बाहेर येताना घसरले होते. मोरी तुंबून पाणी खोलीभर झालं होतं, पहिल्या मजल्यावरचे गावाला गेलेले म्हणून गळती कुणाला कळली नव्हती, आणि ते त्या थंड पाण्यात पहाटेपासून पडून होते. ओठ निळे. सुताराने आणि मी त्यांना पाण्यातून बाहेर घेतलं, त्यांच्याच पलंगावरची चादर गुंडाळली. काकू दाराशी उभ्या होत्या. आत येता येत नव्हतं त्यांना.

"हाका मारून मारून घसो बसलो," ते म्हणाले. माझ्याकडे बघत, पण वर छताकडे बोट करून.

पहाटेपासून. आम्ही उठलो होतो, चहा केला होता, मी केस विंचरले होते, काकूंनी तांदूळ निवडले होते. सगळा वेळ बोटं आधी आणि टाच नंतर ठेवत आम्ही त्यांच्या डोक्यावर चाललो होतो. आमचा एक आवाज खाली गेला नव्हता. त्यांचाही वर आला नव्हता.

काकूंनाही ते त्याच क्षणी कळलं. त्या आपल्या अनवाणी पायांकडे बघायला लागल्या.

सरकारी इस्पितळात त्यांचं मांडीचं हाड जोडलं. वसईची मुलगी रोज यायची, पण तिची नोकरी होती, त्यामुळे संध्याकाळी पेज घेऊन आम्ही जायचो. पेज काकू करायच्या, डबा मी द्यायचे. काकू वॉर्डच्या दारातच थांबत. मी कुडाळची आहे हे कळल्यावर खालचे माझ्याशी मालवणीत बोलायला लागले. चिडचिडा माणूस होता. पेजेत मीठ कमी, नर्स बहिरी, डॉक्टर पोरगा. त्यांना भिण्यासारखं काही आहे असं कॉटवर पडलेलं बघून वाटत नव्हतं, तरी त्यांनी हात हलवला की मी मागे सरायचे.

चौथ्या की पाचव्या दिवशी काकू आत आल्या. कॉटच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या आणि एका दमात बोलल्या.

"त्या दिवशी डबा माझ्या हातून पडला होता. तुमच्या मंडळींना मी उठवलं."

खालच्यांना काही उमगलं नाही. त्यांनी मला विचारलं, "खंयचो डबो?"

मी सांगितलं. दुपार, पितळेचा डबा, त्यांनी वर येऊन काय म्हटलं होतं ते. ते ऐकत राहिले. आठवायला त्यांना वेळ लागला.

"ती खंय उठली?" ते मला म्हणाले. "तिका गोळी दिलेली, ती कशान उठतली? डोळो माझो लागलेलो. मी उठलंय." मग काकूंकडे बघून, पण अजून माझ्याशीच, म्हणाले, "तेवा माका कोणावर तरी ओरडाचा होता. ही वरती होती."

"आणि काठी?" मी विचारलं.

"सवय," ते म्हणाले आणि पेजेचा डबा मागितला.

काकूंना मालवणी कळायचं. आम्ही बाहेर आलो, बसस्टॉपवर बसलो. आमची बस आली आणि गेली. त्या हातातल्या पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या. मला वाटलं त्या रडतील, किंवा चिडतील. मला स्वतःला इतका राग आला होता की परत जाऊन त्या माणसाला चार शब्द सुनावावे असं वाटत होतं.

"म्हणजे मग," काकू म्हणाल्या, "आता मी भ्यायचं कशाला?"

हा प्रश्न त्यांनी मला खरोखरच विचारला होता.

त्या रात्री काकू जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उठल्या आणि नेहमीसारख्याच चालल्या, बोटं, चवडा, टाच. मी म्हणाले, काकू, आता पाय टाकलात तरी चालेल. त्यांनी एकदा टाकून बघितला. फळी वाजली. त्यांनी डोळे मिटले आणि ठोक्यांची वाट बघितली. खाली खोलीला कुलूप होतं.

खालचे वॉकर घेऊन परत आले. मुलगी वसईला चला म्हणत होती, ते ऐकेनात. शेवटी तिने दाराची एक किल्ली काकूंकडे दिली आणि सांगितलं, काही लागलं तर बाबा काठी वाजवतील. काकू लगेच म्हणाल्या, काठी नको, काठी वाजली तर माझाच जीव जाईल. फोन करू का, तर तोही नको. फोन घ्यायला ते घाईने उठतील आणि पडतील. मग काय करायचं? मुलीला ते कळेना. काकूंनी मात्र ठरवलेलं होतं.

त्यांनी गालिच्याचे चार तुकडे उचलले, खालच्यांचा पलंग जिथे होता त्याच्या बरोबर वरचे. गोंड्यांच्या मधोमध उघड्या फळ्यांचा चौकोन झाला. उचललेले तुकडे त्यांनी उसवले नाहीत, मला दिले. बाकी गालिचा तसाच राहिला. रोज सकाळी अंघोळ करून त्या त्या चौकोनापाशी गुडघ्यांवर बसायच्या आणि कान लावायच्या. खालचे उठले, खाकरले, वॉकर ठक ठक करत मोरीपर्यंत गेला आणि परत आला, की त्या उठून चहा ठेवायच्या. तोवर घरात कुणी बोलायचं नाही. पूर्वी आपला आवाज खाली जाईल म्हणून त्या भीत होत्या. आता खालचा आवाज वर यायला उशीर झाला की त्यांचे ओठ पांढरे पडत. मला विचाराल तर ही भीती जास्त वाईट होती, कारण ती रोज सकाळी नव्याने यायची. आणि खालच्यांना यातलं काही माहीत नव्हतं. ते जिन्यात भेटले तर अजून काकूंशी बोलत नसत.

त्यानंतर काही महिन्यांनी माझी पुण्याला बदली झाली. निघायच्या दिवशी मी बॅगा भरून बाहेरच्या खोलीत आणल्या. टॅक्सी खाली येऊन थांबली होती. नमस्कार करायला वळले तर काकू चौकोनापाशी बसल्या होत्या, कान फळीला. त्यांनी माझ्याकडे न बघता तळहात वर केला. थांब.

मी थांबले. ऊन खिडकीच्या पट्टीवर आलं होतं, म्हणजे उशीर झाला होता. नेहमी एव्हाना चहा होऊन जाई. टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. काकू हलल्या नाहीत. किल्ली त्यांनी आधीच मुठीत घेऊन ठेवली होती. मी बॅग खाली ठेवली, त्यांच्या शेजारी बसले आणि मीही कान लावला. लाकूड गार होतं. आत काहीच नव्हतं. माझ्या स्वतःच्या रक्ताचा आवाज तेवढा येत होता, आणि मला त्या रविवारचं ते निळं तोंड दिसायला लागलं. मी काकूंचं मनगट धरलं. त्यांनी ते सोडवून घेतलं नाही.

मग खाली पलंग करकरला. कुणीतरी खाकरलं, लांबलचक, आणि कुणाला तरी एक शिवी दिली, बहुधा डासाला.

काकूंनी डोकं वर केलं. गालावर फळीची रेघ उमटली होती.

"उठले," त्या म्हणाल्या. "जा आता. सावकाश जा."